हाड जुळत नाहीये, एक्सोसोमचं इंजेक्शन घ्यावं का?

केतकी_मुलुंड
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. माझा धाकटा दीर गेल्या पावसाळ्यात पूर्व द्रुतगती मार्गावर बाइकवरून पडला. उजव्या नडगीचं हाड मोडलं, जखम उघडी होती. त्याच रात्री ऑपरेशन करून आत रॉड टाकला. जखम भरली, पण हाड काही जुळत नाही. दर वेळी एक्स-रे काढायचा, डॉक्टर तो उजेडाकडे धरून "कॅलस (म्हणजे मोडलेल्या जागी धरणारं नवं हाड) अजून दिसत नाही" म्हणणार आणि पुढच्या महिन्याची तारीख देणार. अजून कुबड्यांवरच आहे. नोकरी लोअर परळला, लोकलच्या गर्दीत जाणं शक्य नाही. चिडचिड किती वाढलीये ते सांगायला नको.

आता सासऱ्यांच्या ओळखीतून पश्चिम उपनगरातलं एक क्लिनिक कळलंय. ते म्हणतात ऑपरेशन नको, स्टेम सेलपासून काढलेल्या एक्सोसोमची इंजेक्शनं घ्या, हाड "नैसर्गिकरीत्या" भरून येईल. खर्च लाखांत. आमच्या सर्जननी दुसरं ऑपरेशन सुचवलंय, कमरेचं हाड काढून तिथे भरायचं. त्याला दीर तयार नाही. घरात दोन तट पडलेत. कुणाची बाजू घेण्याआधी मला हे एक्सोसोम प्रकरण समजून घ्यायचंय. निव्वळ थापा आहेत की खरंच काही आहे त्यात?

फणसवाडी
"नैसर्गिकरीत्या" ऐकलं की पाकीट आधी चाचपून बघावं. आमच्या मेहुणीने लेकाच्या लग्नाआधी एक्सोसोम फेशियल करून घेतलं. तेच का हे?

भटक्या_७७
सरसकट थापा म्हणू नका. आमच्या ऑफिसातल्या एकाने गुडघ्यात हेच घेतलं, आता जिने चढतो. डॉक्टर लोकांना ऑपरेशनच करायचं असतं, दुसरं काही सुचत नाही.

हाडवैद्य_नाही
(ऑर्थोपेडिक सर्जन आहे. आयडी मित्रांनी चिकटवलाय.)

केतकी, तुमच्या पोस्टमध्ये एक्सोसोमपेक्षा मोठा प्रश्न आहे, आधी तो घेऊ. हाड का जुळत नाहीये, हे कुणी शोधलंय का? नडगीच्या खालच्या भागात हाडावर मांसाचं आवरण जवळजवळ नसतं, रक्तपुरवठा मुळातच बेताचा. उघड्या जखमेत तोही जातो. पण "रक्तपुरवठा कमी" एवढं म्हणून गप्प बसायचं नसतं. आत जंतुसंसर्ग दबून बसलाय का? रॉड सैल झालाय का, म्हणजे पाय टेकल्यावर तुटलेली टोकं हलतात का? मध्ये फट राहिलीये का? साखर, व्हिटॅमिन डी, थायरॉइड? तंबाखू?

न जुळलेल्या हाडाचे ढोबळ दोन प्रकार. एकात टोकांभोवती कॅलस भरपूर, पण मधली रेघ मिटत नाही. त्या हाडाला जुळायचं असतं, स्थैर्य मिळत नसतं. तिथे रॉड बदलून जाडा घातला की बहुतेकदा काम होतं. दुसऱ्यात टोकं निमुळती होतात आणि कॅलस नावालाही नसतो, तिथे हाड घडवणाऱ्या पेशीच थंड पडलेल्या असतात. तुमच्या वर्णनावरून दुसरा प्रकार वाटतोय, पण फिल्म बघितल्याशिवाय सांगणार नाही, आणि ती इथे टाकूही नका. सीटी स्कॅन, सीआरपी, ईएसआर (शेवटच्या दोन दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या. आत संसर्ग असेल तर इंजेक्शन कसलंही असो, पैसे गेले म्हणून समजा.

केतकी_मुलुंड
धन्यवाद डॉक्टर. साखर नॉर्मल आहे. सीटी झालेला नाही. तंबाखूचं विचारलं तर दीर म्हणतो "कधीतरी". जाऊ म्हणते, धुवायला टाकलेल्या प्रत्येक पँटमध्ये पुडी सापडते.

फणसवाडी
जाऊबाईंचं म्हणणं ग्राह्य धरण्यात यावं.

हाडवैद्य_नाही
निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि हाड उशिरा जुळतं, हे पक्कं माहीत आहे. पुडी बंद करायला एक रुपयाही लागत नाही.

प्रयोगशाळेतली
विषय माझ्या रोजच्या कामाचा, म्हणून लांबलचक लिहितेय. चहा घेऊन बसा.

आपल्या जवळपास सगळ्या पेशी स्वतःभोवती सूक्ष्म पुटिका सोडत असतात. बाहेर स्निग्ध पदार्थाचं दुपदरी आवरण, आत प्रथिनं, आरएनएचे (जनुकांचे निरोप वाहणाऱ्या रेणूचे) तुकडे वगैरे. यातल्या सगळ्यात लहान त्या एक्सोसोम, साधारण ३० ते १५० नॅनोमीटर. तांबडी रक्तपेशी ७-८ हजार नॅनोमीटरची असते, त्यावरून अंदाज घ्या. १९८३ साली दोन गटांना, एकाला मेंढीच्या आणि एकाला उंदराच्या अपरिपक्व तांबड्या पेशींत, त्या दिसल्या. पेशी मोठी होताना नको असलेली प्रथिनं यातून बाहेर टाकते, म्हणजे कचरा, असंच तेव्हा मानलं गेलं आणि बरीच वर्षं फारसं कुणी तिकडे फिरकलं नाही. २००७ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमधल्या संशोधकांनी दाखवलं की या पुटिकांतला आरएनए दुसऱ्या पेशीत पोचतो आणि तिथे कामही करतो. त्यानंतर या क्षेत्रात झुंबड उडाली.

आता हाडाकडे. अस्थिमज्जेत मेझेन्कायमल स्टेम सेल असतात. प्रयोगशाळेत वाढवल्या की त्यांच्यापासून हाड, कूर्चा, चरबी तयार करता येते. साहजिकच आधीची कल्पना अशी की या पेशी टोचल्या की त्या जाऊन हाड होतील. प्रत्यक्षात शिरेतून दिलेल्या बहुतेक पेशी फुप्फुसातच अडकतात आणि थोड्या दिवसांत नाहीशा होतात. तरीही प्राण्यांत फायदा दिसत होता. मग लक्षात आलं की पेशी स्वतः टिकून राहण्यापेक्षा त्या जे काही बाहेर सोडतात त्यातून बराच परिणाम होत असावा. १९९१ मध्ये या पेशींना हे नाव देणाऱ्या आर्नल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली लिहिलं की आता यांना स्टेम सेल म्हणणं सोडा.

एका जपानी प्रयोगाचा उल्लेख करायलाच हवा. २०१६ चा आहे. सीडी९ नावाचं प्रथिन नसलेले उंदीर एक्सोसोम कमी बनवतात. त्यांच्या मांडीचं हाड मोडलं तर ते साध्या उंदरांपेक्षा उशिरा जुळतं. त्यांना स्टेम सेलचे एक्सोसोम टोचल्यावर ही पिछाडी भरून निघाली. त्याच पेशींच्या द्रवातून एक्सोसोम काढून टाकले आणि उरलेलं टोचलं, तर नाही निघाली. इतका स्वच्छ प्रयोग क्वचित वाचायला मिळतो.

या पुटिका हाडापाशी नेमकं काय करतात? नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात. मोडलेल्या जागी आलेल्या मॅक्रोफेज (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या) पेशींना दाह वाढवण्याच्या कामावरून दुरुस्तीच्या कामाकडे वळवतात. आणि त्यांच्यातले काही मायक्रोआरएनए (जनुकांचं काम कमी-जास्त करणारे आरएनएचे छोटे तुकडे) अर्धवट तयार पेशींना हाड घडवणाऱ्या पेशी व्हायला ढकलतात. हाडाला पुटिका नव्या नाहीतच. वाढत्या कूर्चेत कॅल्शियमचे पहिले स्फटिक अशाच पुटिकांत धरतात, हे अँडरसन आणि बोनुची यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं होतं. एक्सोसोम हा शब्दही तेव्हा चलनात नव्हता.

तेव्हा केतकी, थापा नाहीत. विज्ञान खरं आहे. त्या क्लिनिकमधली कुपी म्हणजे हे विज्ञान का, हा वेगळा प्रश्न. त्यावर संध्याकाळी लिहिते, आत्ता सेंट्रिफ्यूज थांबायची वेळ झाली.

भटक्या_७७
बघा, मी म्हणत होतो!

वाचनमात्र
सुंदर प्रतिसाद. एक शंका. परिणाम पेशींच्या स्रावाचाच असेल तर पेशीच का नाही टोचायच्या? जिवंत पेशी गरजेप्रमाणे कमी-जास्त स्राव करेल ना?

प्रयोगशाळेतली
शंका रास्त आहे आणि त्यावर आमच्यात वादही होतात. पेशी परिस्थिती बघून वागते, पुटिकेत एकदा भरलं ते भरलं. पण पुटिकेला केंद्रक नाही, ती विभागत नाही, त्यामुळे ती स्वतः गाठ बनण्याची भीती नाही. उणे ८० अंशांवर ठेवता येते, ट्रेहॅलोज नावाची साखर घालून सुकवताही येते. जिवंत पेशी गोठवून परत जागवताना बऱ्याच मरतात. म्हणजे औषध म्हणून बाटलीत भरायला पुटिका सोयीची. हे "म्हणून" फार महत्त्वाचं आहे. औषध म्हटलं की दर बाटलीत तेच आणि तेवढंच हवं, आणि गाडी तिथेच अडलीये.

आम्ही पेशी वाढवतो तो द्रव गोळा करायचा, गुरुत्वाकर्षणाच्या एक लाख पट जोराने फिरवायचा किंवा बारीक गाळण्यांतून काढायचा. शेवटी हाती येतं त्यात एक्सोसोम असतात, त्याच आकाराचे चरबीचे कण असतात, प्रथिनांचे गोळे असतात. कणमोजणीच्या यंत्राला यातला फरक कळत नाही, त्याला सगळे कणच. पेशी वाढवायला वासराच्या रक्ताचा सीरम वापरतात, त्यात गाईच्या स्वतःच्या पुटिका असतात. त्या आधी काढल्या नाहीत तर तुम्ही स्टेम सेलच्या नावाखाली गाईच्या पुटिका टोचताय. पेशी कुणाच्या, वय काय, कितव्या पिढीच्या, प्राणवायू किती दिला, या प्रत्येकाने आतला माल बदलतो. या क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४, २०१८ आणि २०२३ अशा तीनदा मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या याच गोंधळापायी.

दुसरी अडचण जागेवर टिकण्याची. शिरेतून दिलेल्या पुटिका काही मिनिटांतच रक्तातून निघून यकृतात आणि प्लीहेत जातात. नडगीपाशी नुसती सुई मारली तरी तिथे त्यांना धरून ठेवणारं काही नसतं. भर पावसात खड्ड्यात डांबर ओतण्यातला प्रकार. हाडाच्या प्रयोगांत म्हणूनच त्या हायड्रोजेलमध्ये (पाणी धरणाऱ्या जेलीत) किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटसारख्या सच्छिद्र दगडी सांगाड्यात भिजवून बसवतात, की दिवसेंदिवस हळूहळू सुटाव्यात. तसं बसवायचं तर जागा उघडावी लागते. म्हणजे ऑपरेशन आलंच! "ऑपरेशन नको, इंजेक्शन घ्या" ही जाहिरात मला इथेच खटकते.

आणि यातले बहुतेक प्रयोग उंदराच्या कवटीला काही मिलिमीटरचं भोक पाडून केलेले आहेत. कवटीवर वजन पडत नाही. माणसाची नडगी अख्खं शरीर उचलते, शिवाय इथे जखम जुनी आणि तंबाखू चालू.

हाडवैद्य_नाही
शेवटचं वाक्य फ्रेम करून ओपीडीत लावतो.

माझ्या बाजूची एक गोष्ट सांगतो, आमच्या पिढीने जवळून पाहिलेली. १९६५ साली मार्शल युरिस्ट यांनी दाखवलं की हाडातलं कॅल्शियम काढून उरलेला भाग स्नायूत ठेवला तरी तिथे नवं हाड तयार होतं. त्यामागचं प्रथिन म्हणजे बीएमपी. कृत्रिमरीत्या बनवलेल्या बीएमपी-२ ला अमेरिकेत मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी परवानगी मिळाली २००२ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी. वाटलं, कमरेचं हाड काढायचे दिवस संपले. शरीर हे प्रथिन नॅनोग्रॅममध्ये वापरतं, आम्ही मिलिग्रॅममध्ये ओतत होतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला (तिथल्या औषध नियामक संस्थेला) इशारा द्यावा लागला की मानेच्या मणक्यांत वापरल्यावर सूज येऊन श्वास अडकतोय. २०१३ मध्ये स्वतंत्र गटांनी सगळी आकडेवारी परत तपासली, तर कमरेच्या हाडापेक्षा फार काही सरस निघालं नाही. आणि हे शुद्ध, एकच, मोजता येणारं प्रथिन होतं. पुटिकेत अशा शेकडो गोष्टी एकत्र आहेत.

अल्ट्रासाउंडच्या यंत्राचंही तेच. घरी पायाला लावायचं, हाड लवकर जुळतं म्हणून वर्षानुवर्षं विकलं गेलं. २०१६ मध्ये नडगीच्या ताज्या फ्रॅक्चरवर मोठी चाचणी झाली, ५०१ रुग्ण, फरक शून्य.

भटक्याराव, तुमच्या मित्राचा जिना मी नाकारत नाही. पण गुडघ्याचं दुखणं मुळातच कमी-जास्त होत राहतं, आणि नुसतं मिठाचं पाणी टोचलं तरी बऱ्याच लोकांना बरं वाटतं, हे चाचण्यांत पुन्हा पुन्हा दिसलंय. नडगीतल्या फटीला बरं वाटून उपयोग नाही, ती फिल्मवर भरलेली दिसावी लागते.

भटक्या_७७
पण सगळीकडे चाचण्यांची वाट बघत बसलो तर माणूस आयुष्यभर कुबड्यांवर राहील की.

हाडवैद्य_नाही
वाट बघा असं कोण म्हणतंय? आज हाताशी असलेले उपाय सांगतो. कमरेच्या हाडातून ग्राफ्ट: त्यात जिवंत पेशी, सांगाडा आणि वाढीचे संदेश तिन्ही एकत्र मिळतात. तोटा म्हणजे कमरेची जागा काही आठवडे, काहींना जास्तही, दुखते. फट मोठी असेल तर इलिझारोव्हची रिंग: हाड दुसरीकडे कापून रोज एक मिलिमीटर, चार टप्प्यांत सरकवायचं, मागे नवं हाड तयार होत जातं. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये निघालेली पद्धत, आपल्याकडेही होते. किंवा मास्कले पद्धत: आधी सिमेंटचा गोळा ठेवायचा, सहा-आठ आठवड्यांत त्याभोवती पडदा तयार होतो, मग गोळा काढून त्या पिशवीत ग्राफ्ट भरायचा. दात्याचं हाडही मिळतं. परळला टाटा हॉस्पिटलची टिश्यू बँक १९८८ पासून आहे, तिथे दान आलेली हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे थंड पडलेल्या जागी ते एकटं पुरत नाही, रुग्णाच्या स्वतःच्या हाडात भर म्हणून घालतात.

शिवडी_पूर्व
औषध कंपनीत नियामक विभागात आहे, कायद्याचं थोडं सांगतो. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार स्टेम सेलचा मान्य उपचार म्हणजे रक्ताच्या विकारांसाठीचं रक्तपेशी प्रत्यारोपण. बाकी वापर परवानगी घेतलेल्या चाचणीतच. प्रयोगशाळेत वाढवून बदललेल्या उत्पादनाला औषध म्हणून केंद्रीय औषध नियंत्रकांची मंजुरी लागते, त्यासाठी २०१९ चे नवे नियम आहेत. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ मध्ये नेब्रास्कातल्या रुग्णांना गंभीर त्रास झाल्यावर एक्सोसोमबद्दल जाहीर इशारा दिला होता, मंजूर असं एकही उत्पादन नाही म्हणून.

क्लिनिकला विचारा: ही चाचणी आहे का? असेल तर सीटीआरआय क्रमांक द्या. सीटीआरआय ही भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, संकेतस्थळावर कुणालाही फुकट बघता येते. क्रमांक मिळाला की उघडून आजार कुठला लिहिलाय ते वाचा. गुडघ्याच्या चाचणीचा क्रमांक नडगीवाल्याला दाखवला जाऊ शकतो. आणि नोंद म्हणजे मंजुरी नव्हे, हे लक्षात असू द्या. खरी चाचणी असेल तर नीतिमत्ता समितीची परवानगी, संमतीपत्र, इजा झाल्यास भरपाई हे सगळं असतं, आणि रुग्णाकडून संशोधनाचे पैसे घ्यायचे नसतात. लाखांचं बिल लावलं तर ती चाचणी कसली?

प्रयोगशाळेतली
माझ्याकडून अजून दोन प्रश्न जोडा. कुपीत कण किती आणि ते कुठल्या पद्धतीने मोजले? बॅचचा तपासणी अहवाल, निर्जंतुकतेसकट, हातात मिळेल का? आणि घरात कुणाला कॅन्सर होऊन गेला असेल तर सर्जनना जरूर सांगा. नव्या रक्तवाहिन्या फुटवणारी गोष्ट लपलेल्या गाठीलाही खतपाणी घालू शकते.

केतकी_मुलुंड
सगळ्यांचे खूप आभार. आज क्लिनिकला फोन केला. सीटीआरआय म्हटल्यावर बाईंनी "सरांशी बोलून कळवते" सांगितलं. पुन्हा लावला तर सर म्हणाले ही चाचणी नाही, "प्रगत वेलनेस प्रोटोकॉल" आहे. कण किती विचारलं तर "अब्जावधी". बॅचचा अहवाल परदेशी कंपनीकडे असतो म्हणे. आणि या महिन्यात बुक केलं तर सवलत!

इकडे आमच्या सर्जननी सीटी आणि रक्त तपासलं. सीआरपी वाढलेला आहे. ते म्हणतात आधी संसर्ग आहे का ते नक्की करू, आतला नमुना कल्चरला (जंतू वाढतात का ते बघायला) पाठवू, ग्राफ्टचं नंतर बघू. दीर हादरलाय, पण निदान ऐकून घेतोय. सासरे अजून फणकाऱ्यात आहेत.

हाडवैद्य_नाही
बरोबर दिशेने चाललंय. नमुना घ्यायच्या आधी किमान दोन आठवडे अँटिबायोटिक बंद असलेली बरी, नाहीतर कल्चर खोटंच निगेटिव्ह येतं. घरात उरलेल्या गोळ्या कुणी मनाने देत असेल तर आजच सर्जनना सांगा, काय करायचं ते ठरवतील.

केतकी_मुलुंड
सासूबाई देत होत्या. सर्जनना मेसेज केलाय.

फणसवाडी
अवांतर: मेहुणीला या धाग्याची लिंक पाठवली. तिचं म्हणणं, चेहऱ्यावर तेज आलंच होतं. लग्नघरात सगळ्यांच्याच चेहऱ्यावर येतं म्हटलं तर ब्लॉक केलं.

साने_काकू
धाग्यात घुसतेय, माफ करा. आमच्या यजमानांना कोविडच्या वेळी स्टिरॉइड दिले होते, आता खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा गेलाय म्हणतात, एव्हीएन. त्यांनाही असल्याच इंजेक्शनचं कुणीतरी सांगितलंय. त्यात उपयोग होतो का?

हाडवैद्य_नाही
काकू, कोविडनंतर हा आजार मुंबईत बराच दिसला. हिंदुजातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्येच त्याबद्दल लिहिलं होतं. एव्हीएनमध्ये सगळं स्टेजवर ठरतं. खुब्याचा गोळा अजून खचला नसेल तर तो वाचवायला वाव असतो: ॲलेंड्रोनेटसारखी औषधं, कोअर डीकम्प्रेशन, म्हणजे भोक पाडून आतला दाब कमी करणं. रुग्णाच्या स्वतःच्या हाडपेशी वाढवून तिथे सोडण्याच्या एका उत्पादनाला आपल्याकडे मंजुरी आहे, पण ते पेशींचं आहे, एक्सोसोमचं नाही, आणि सगळ्यांना लागू पडत नाही. गोळा खचला असेल तर सांधा बदलणं हाच खात्रीचा मार्ग. एमआरआयवर स्टेज काय लिहिलीये?

साने_काकू
फाइल मुलाकडे ठाण्याला आहे. टू-बी की असं काहीतरी होतं.

हाडवैद्य_नाही
मग वेळ घालवू नका. तो एमआरआय जुना असेल तर नवा काढून खुब्याच्या सर्जनला दाखवा. आणि वेगळा धागा काढा काकू, इथे नडगीच्या गर्दीत तुमचा प्रश्न हरवेल.